वायर्ड बॅकहॉलवाला मेश राऊटर: दुकान, दवाखाना आणि छोट्या ऑफिससाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासची दुकानं, दवाखाने, क्लासेस, छोटे कारखाने इथली नेटवर्कची कामं मी करतो. फोनवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. आधी वाचा, मग फोन करा. निम्म्या लोकांना फोन करायची गरजच उरणार नाही.

नेट ३०० एमबीपीएसचं घेतलंय, तरी आतल्या केबिनमध्ये व्हॉट्सॲपचा फोटोसुद्धा गोल फिरत बसतो. मेश घेऊ का?

थांबा. आधी लॅपटॉप केबलने थेट राऊटरला लावा आणि स्पीड बघा. तिथंच कमी येत असेल तर भांडण नेट देणाऱ्या कंपनीशी आहे, मेशचा (अनेक डब्यांनी मिळून दिलेल्या एकाच वायफायचा) काही संबंध नाही. केबलवर ठीक, राऊटरशेजारी उभं राहून वायफायवरही ठीक, आणि केबिनमध्ये गेल्यावर पडतो, तर प्रश्न रेंजचा.

त्यातही आधी राऊटर कुठं आहे ते बघा. फायबर ओढणारा मुलगा वायर जिथं आत येते तिथंच डबा ठोकून जातो. म्हणजे शटरच्या वर, मीटरशेजारी, नाहीतर जिन्याखालच्या कपाटात. मी अशी कपाटं उघडली आहेत, ज्यात राऊटरच्या अंगावर जुन्या बिलबुकांचा गठ्ठा होता. सहा-सातशे चौरस फुटांचा एकच हॉल असेल तर राऊटर मधोमध, उंचावर आणा. खर्च शून्य, आणि बहुतेक वेळा काम तिथंच संपतं.

मेश लागतो तो दोन मजले असतील, मागे गोडाऊन असेल, जाड भिंतींच्या तीन-चार केबिन असतील तेव्हा.

मेश आणि रिपीटर एकच ना?

नाही. रिपीटर म्हणजे ऐकलेलं परत मोठ्याने ओरडून सांगणारा. त्याचं नेटवर्क बऱ्याचदा वेगळ्या नावाचं असतं, आणि राऊटर व तो एकमेकांना ओळखतही नाहीत. मेशमध्ये सगळे डबे, म्हणजे नोड, एकाच ताब्यात असतात. नाव एक, पासवर्ड एक, सेटिंग एकाच ॲपमधून. फोन हातात धरून काउंटरवरून गोडाऊनमध्ये गेलात की कनेक्शन एका नोडकडून दुसऱ्याकडे जातं.

बॅकहॉल म्हणजे काय? आणि वायरलेस मेश मिळत असताना वायर कशाला?

तुमच्या फोनपासून नोडपर्यंत वायफाय. पण त्या नोडपासून मुख्य राऊटरपर्यंत डेटा जायचा कसा? तो मधला रस्ता म्हणजे बॅकहॉल. रस्ता हवेतून असेल तर वायरलेस, केबलमधून असेल तर वायर्ड.

हवेतल्या रस्त्याची अडचण अशी की स्वस्त, दोन बँडच्या (म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन रेडिओ पट्ट्यांच्या) मेशमध्ये एकच रेडिओ दोन्ही कामं करतो. फोनकडून घेतो, आणि त्याच चॅनेलवर पुढे राऊटरला देतो. एका वेळी एकच. त्यामुळे एका उडीत वेग साधारण निम्मा होतो, दुसऱ्या उडीत त्याच्याही निम्मा. तीन बँडच्या महाग मेशमध्ये बॅकहॉलसाठी वेगळा रेडिओ असतो, तिथं हे कमी जाणवतं. भिंत मात्र त्यालाही भिंतच.

केबल ओढली की हा सगळा हिशोब संपतो. नोडचा पूर्ण रेडिओ गिऱ्हाइकांच्या आणि स्टाफच्या फोनसाठी मोकळा. आणखी एक फायदा आहे, जो लोकांच्या लक्षात येत नाही. वायरलेस मेशमध्ये दुसरा नोड पहिल्याच्या रेंजमध्ये, म्हणजे मधल्या पॅसेजमध्ये ठेवावा लागतो, जिथं कुणी बसत नाही. केबल असेल तर नोड सरळ जिथं माणसं बसतात तिथं लावा. मध्ये तीन भिंती असोत नाहीतर स्लॅब.

माझं मत विचाराल तर पैसे आधी केबलला, मग डब्याला. डबा चार-पाच वर्षांत बदलणार. भिंतीत नीट टाकलेली केबल तुम्ही दुकान बदलेपर्यंत राहते.

जागा भाड्याची आहे. मालक भिंतीला भोक पाडू देत नाही.

मग केसिंग पट्टी. छताच्या कडेनं, दाराच्या चौकटीवरून, फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्या आतून. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला बहुतेक इमारतींत डक्ट असते, नाहीतर एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक असतंच. त्यात एक केबल सहज बसते. बाहेरून नेणार असाल तर बाहेरच्या वापराची, काळ्या आवरणाची केबल घ्या. आतली राखाडी केबल उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकते.

एक पथ्य. नेटची केबल आणि २३० व्होल्टची वायर एकाच पाइपमधून नेऊ नका. वायरमन म्हणेल, 'काय होत नाही ओ.' डेटाला त्रास होतो आणि जिवालाही धोका आहे. वेगळा पाइप, मध्ये थोडं अंतर, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

केबल कोणती घ्यायची?

कॅट ६, आणि शुद्ध तांब्याची. यातला दुसरा शब्द पहिल्यापेक्षा महत्त्वाचा.

कागदावर कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस (म्हणजे १००० एमबीपीएस) नेते, आणि दुकानाला तेवढं पुरतं. कॅट ६ वर १० जीबीपीएस साधारण ५५ मीटरपर्यंत जातं, कॅट ६ए वर पूर्ण १०० मीटर. ५ई आणि ६ यांच्या किमतीतला फरक मजुरीपुढे किरकोळ, म्हणून कॅट ६ टाका आणि विसरून जा.

घोळ होतो तो धातूत. बाजारात सीसीए नावाची केबल मिळते. आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. ३०५ मीटरचं खोकं, वर 'कॅट ६' ठळक, आणि सीसीए ही अक्षरं कुठंतरी कोपऱ्यात बारीक, नाहीतर नाहीतच. ओळखायची पद्धत सोपी आहे. एक तार सोलून घ्या आणि ब्लेडने हलकेच खरवडा. तांबं आतपर्यंत तांबूसच राहतं. सीसीए दोन फटक्यांत चांदीसारखी पांढरी दिसते. दोन-चार वेळा मागे-पुढे वाकवली तर तुटतेही लवकर. खोकं उचलल्यावर हलकं लागलं तरी संशय घ्या. सीसीएचा रोध जास्त असतो, त्यामुळे लांब अंतरावर लिंक डळमळते आणि केबलमधूनच वीज पाठवायची असेल तर ती तापते.

राजारामपुरीतल्या एका दवाखान्याची गोष्ट सांगतो. डॉक्टरांनी चांगला मेश घेतलेला, केबल इंटिरियरच्या वेळीच भिंतीत टाकलेली, तीही अस्सल तांब्याची. पहिला नोड उत्तम, दुसऱ्यावर वेग काही केल्या ९४ एमबीपीएसच्या वर जाईना. ९४ दिसलं की मला कळतं की लिंक १०० वर अडकली आहे. भिंतीतला बॉक्स उघडला. केबलमध्ये आठ तारा असतात, रंगांच्या चार जोड्या. नारिंगी आणि हिरवी जोडी जॅकला लावलेली. निळी जोडी तशीच गुंडाळून मागे दाबलेली. आणि तपकिरी जोडी? ती शेजारच्या छिद्रातून बाहेर काढून कुणीतरी पेशंटला आत बोलवायच्या बेलला दिली होती. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला (म्हणजे १ जीबीपीएसला) चारही लागतात. बेलला वेगळी वायर दिली, आठही तारा परत ठोकल्या, आणि नोड ९०० च्या घरात गेला. डॉक्टरांनी विचारलं, 'म्हणजे दोन वर्षं मी बेल वाजवली की नेट...' नाही, तसं नाही. पण हसलो दोघंही.

जॅक मारताना रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कामगार करत असताना शेजारी उभे राहा.

राऊटरच्या खोक्यावर १२००, १८००, ३००० असे आकडे असतात. जास्त म्हणजे चांगला?

हा आकडा म्हणजे सगळ्या बँडच्या कागदी वेगांची बेरीज. १८०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवर १२०१. एक फोन दोन्ही बँड एकदम वापरत नाही, आणि हवेत प्रत्यक्ष मिळणारा वेग कागदापेक्षा बराच खाली असतो. तीन मुलांच्या मार्कांची बेरीज करून 'आमच्या घरात २४० टक्के' म्हणण्यातला हा प्रकार आहे.

मग खोक्यावर बघायचं काय?

पोर्ट, म्हणजे केबल खोचायची भोकं. वायर्ड बॅकहॉल करायचा असेल तर पहिली नजर पोर्टवर.

प्रत्येक नोडला लॅन पोर्ट आहे का? काहींना नसतोच. गूगलने २०१९ मध्ये आणलेल्या नेस्ट वायफायच्या 'पॉइंट' या उपडब्याला एकही पोर्ट नव्हता. केबल ओढून ठेवा, लावणार कुठं?

पोर्ट गिगाबिट आहे का? स्वस्त मेशमध्ये १०/१०० असे पोर्ट असतात. टीपी-लिंकचा डेको ई४ आणि टेंडाचा नोव्हा एमडब्ल्यू३ हे असे. डेको एम४ आणि नोव्हा एमडब्ल्यू६ गिगाबिटचे. दिसायला जवळपास सारखे, किमतीत थोडा फरक, आणि ऑनलाइन घेताना माणूस हमखास स्वस्तावर बोट ठेवतो. १०० च्या पोर्टवर वायर्ड बॅकहॉल केला तर प्रत्यक्षात ९४-९५ एमबीपीएस, त्याहून वर कधीच नाही. तुमचा प्लॅन १०० चा असेल आणि पुढेही तोच राहणार असेल तर चालेल. ३०० चा असेल तर दोनशे पाण्यात.

पोर्ट किती? दोन तरी हवेत. एकात बॅकहॉलची केबल, दुसऱ्यात बिलिंगचा कंप्युटर किंवा प्रिंटर. २.५ जीबीपीएसचे पोर्ट असलेले मेश येतात, पण प्लॅन १ जीबीपीएसच्या आत असेल आणि ऑफिसात मोठ्या व्हिडिओ फायलींची ये-जा नसेल तर त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

वायफाय ६ घ्यायचा की थेट ७?

६. माणसं जास्त आणि फोन अनेक असतील तिथं ५ पेक्षा ६ मध्ये खरा फरक पडतो, कारण एकाच वेळी अनेक उपकरणांना वाटून देण्याची सोय त्यात नीट आहे. ७ चा मोठा फायदा ६ गिगाहर्ट्झच्या बँडवर आहे. भारतात त्या बँडचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, इमारतीच्या आत कमी शक्तीवर विनापरवाना वापरू देण्याच्या नियमांचा मसुदाच मुळी मे २०२५ मध्ये निघाला. त्याआधी इथं विकलेल्या अनेक ७ च्या डब्यांत तो बँडच नव्हता. घेणार असाल तर भारतीय मॉडेलच्या पानावर ६ गिगाहर्ट्झ लिहिलंय का बघा. परदेशातल्या परीक्षणांवर जाऊ नका.

नेट कंपनीचा डबा आधीच आहे. मेश त्याला कसा जोडायचा?

इथं सगळ्यात जास्त घोळ होतात, त्यामुळे सावकाश वाचा.

कंपनीचा फायबर डबा, म्हणजे ओएनटी, बहुतेक वेळा स्वतःच राऊटर असतो. त्याच्यामागे मेशही राऊटर म्हणून लावला तर एका घरात दोन कर्ते पुरुष. दोघंही उपकरणांना आपापले नेटवर्कचे पत्ते (आयपी) वाटतात. मग तक्रार येते, 'अकाउंटंटच्या लॅपटॉपवरून प्रिंट जात नाही.' कारण लॅपटॉप कंपनीच्या डब्याच्या वायफायवर आणि प्रिंटर मेशवर. दोघं वेगवेगळ्या नेटवर्कात.

दोन उपाय आहेत. एक, ओएनटी ब्रिज मोडला (म्हणजे त्याचं राऊटरचं काम बंद) टाकून घ्या आणि नेटचा युजरनेम-पासवर्ड मेशमध्ये भरा. यासाठी कंपनीला फोन करावा लागतो, आणि लँडलाइन त्याच डब्यावर असेल तर ती चालू राहील ना, हे आधी विचारून घ्या. दुसरा उपाय सोपा: मेश एपी, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, मोडला टाका. पत्ते ओएनटी वाटेल, मेश फक्त वायफाय देईल. कुठलाही मार्ग घ्या, ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद करा.

आता केबलचा क्रम. मेश राऊटर मोडमध्ये असेल तर ओएनटीमधून केबल मुख्य नोडला, मुख्य नोडमधून स्विचला (एका केबलच्या अनेक केबल करणारा नेटवर्कचा डबा), स्विचमधून बाकीच्या नोडना. उपनोडची केबल ओएनटीला लावायची नाही. तो मुख्य नोडच्या मागेच हवा. पुष्कळ ठिकाणी सगळ्या केबल ओएनटीच्या चार पोर्टमध्ये खोचलेल्या असतात, आणि मालक म्हणतो मेश खराब निघाला. एपी मोडमध्ये मात्र असं चालून जातं.

नोडमधून पुढच्या नोडला, अशी आगगाडीही करता येते. पण मधल्या नोडचं बटण कुणी बंद केलं की शेवटचा डबाही गेला. शक्य असेल तिथं प्रत्येक नोडला स्वतंत्र केबल.

आणि हे पाठ करा: वायर सुटली तर बहुतेक मेश काही न बोलता वायरलेसवर जातात. नेट चालू राहतं, फक्त मंदावतं. ॲपमध्ये प्रत्येक नोडसमोर कनेक्शन वायर्ड आहे की वायरलेस ते दिसतं. महिन्यातून एकदा उघडून बघा.

स्विच कसला घ्यावा?

साधा, गिगाबिट, मॅनेज्ड (आतलं सेटिंग करावं लागणारा) नसलेला, गरजेपेक्षा दोन-तीन पोर्ट जास्त असलेला. जुन्या ऑफिसात कोपऱ्यात एक धूळ खात पडलेला १०० चा स्विच असतो. तो काढा, नाहीतर नवीन सगळं त्याच्या वेगाने चालेल. मॅनेज्ड स्विच असेल तर लक्षात ठेवा, काही मेश पाहुण्यांच्या नेटवर्कचा डेटा टॅग (कुठल्या नेटवर्कचा ते सांगणारी खूण) लावून पाठवतात. स्विचमध्ये तो टॅग अडला तर त्या नोडवर पाहुण्यांचं वायफाय दिसतं पण नेट येत नाही.

साध्या स्विचचा एक शत्रू म्हणजे नीटनेटका माणूस. एका क्लासमध्ये सकाळी सगळं नेटवर्क ठप्प. जाऊन बघतो तर स्विचचे सगळे दिवे एकाच तालात वेड्यासारखे लुकलुकतायत. झाडलोट करणाऱ्या मावशींना एक वायर लोंबकळताना दिसली होती, त्यांनी ती मोकळ्या भोकात खोचून टाकली. दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये. डेटा गोल गोल फिरत राहतो आणि खऱ्या कामाला जागाच उरत नाही. वायर काढली, पाच सेकंदांत सगळं सुरू. तेव्हापासून मी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावतो.

नोड किती आणि कुठे लावायचे?

चौरस फुटांवरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, खोक्यावरच्या आकड्यावर तर अजिबात नको. भिंती मोजा. विटांची एक भिंत ५ गिगाहर्ट्झ सोसतो, दुसरीनंतर मरगळतो. स्लॅबमधून जेमतेम. जुन्या वाड्यांतली दीड-दोन फुटी दगडी भिंत किंवा कोकण-गोव्यातली जांभ्याची भिंत असेल तर पलीकडे वेगळा नोड धरूनच चाला. दंतवैद्य आणि एक्स-रेवाल्यांकडे शिशाचा पत्रा असलेली खोली असते, तिच्यातून काहीच पार होत नाही. साडीच्या दुकानात आणि सलूनमध्ये भिंतभर आरसे, सराफाकडे लोखंडी तिजोऱ्या, गोडाऊनमध्ये पत्र्याचे रॅक. हे सगळे वायफायला भिंतीपेक्षा वाईट.

जास्त नोड लावले की जास्त चांगलं, हाही गैरसमज. एका हॉलमध्ये तीन नोड लावले तर ते एकमेकांच्या अंगावर ओरडतात. मजल्याला एक, मध्ये जड भिंत असेल तर दोन. छताजवळ, मोकळ्यावर. लाकडी शोपीसमागे लपवायचा हट्ट इंटिरियरवाले करतात, तिथं थोडं भांडा.

फोन लांबच्याच नोडला चिकटून बसतो. मेश बिघडलाय का?

नाही. कुठला नोड धरायचा हे शेवटी फोन ठरवतो. मेश फक्त सुचवू शकतो. त्यासाठी ८०२.११ के, व्ही आणि आर अशी तीन मानकं आहेत. चांगल्या मेशमध्ये ती असतात, पण जुने फोन आणि स्वस्त प्रिंटर ती मानत नाहीत. आर चालू केल्यावर एखादं जुनं उपकरण जोडलंच जात नसेल तर ते बंद करून बघा.

टॅली, डीव्हीआर, प्रिंटर हेही मेशवर?

जे जागेवरून हलत नाही ते वायरवर. टॅलीचा डेटा ज्या कंप्युटरवर आहे तो आणि त्यावर काम करणारे बाकीचे कंप्युटर केबलनेच जोडा. वायफाय क्षणभर सुटलं तरी टॅली मध्येच एरर देतं, आणि मार्चअखेरीला ते कुणालाच नको असतं. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर वायरवर. वायफाय ठेवा फोन, टॅब आणि फिरत्या लॅपटॉपसाठी. काउंटरवरचा पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणारा साउंडबॉक्स बहुधा स्वतःच्या सिमवर चालतो, त्याची चिंता इथं नको.

गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचंय. काय काळजी घ्यावी?

स्टाफचा पासवर्ड कधीही देऊ नका. मेशमधलं गेस्ट नेटवर्क चालू करा, त्याला वेगाची मर्यादा घाला. मग स्वतः गेस्टवर जाऊन डीव्हीआरचा आणि प्रिंटरचा पत्ता उघडतोय का तपासा. उघडला तर ते नेटवर्क नावापुरतंच वेगळं आहे. काही घरगुती मेशमध्ये एपी मोडला टाकल्यावर असं होतं.

लॉज, कॅफे, वेटिंग हॉल असेल, रोज अनोळखी माणसं येत असतील, तर मोबाइलवर ओटीपी घेऊन आत सोडणारी व्यवस्था करा. दूरसंचार विभागाच्या २००९ च्या सूचनांपासून सार्वजनिक वायफायवर वापरणाऱ्याची ओळख ठेवणं अपेक्षित आहे. तुमच्या कनेक्शनवरून कुणी काही उद्योग केले तर पोलिस पहिल्यांदा तुमच्याच दारात येणार.

घरगुती मेश घेऊ की ऑफिससाठीचे ॲक्सेस पॉइंट?

दहा-पंधरा माणसं, दोन-तीन नोड, कुणी आयटीवाला नाही, तर घरगुती मेश वायर्ड करून चांगला चालतो. डेको, असूसचा एआयमेश, लिंक्सिसचा वेलॉप, नेटगिअरचा ऑर्बी, कुठलाही. ज्याचं सर्व्हिस सेंटर तुमच्या गावाजवळ आहे तो उजवा.

क्लास, हॉटेल, पन्नासहून जास्त फोन, वेगवेगळी नेटवर्कं हवीत, तर टीपी-लिंकचा ओमाडा, युबिक्विटीचा युनिफाय, एचपीईचा इन्स्टंट ऑन या जातीचे ॲक्सेस पॉइंट बघा. छताला बसतात आणि वीजही नेटच्या केबलमधूनच घेतात. याला पीओई म्हणतात. ८०२.३ एएफ या मानकात पोर्टमधून १५.४ वॅट, एटीमध्ये ३० वॅट. ॲक्सेस पॉइंटला कुठलं लागतं ते बघून स्विच घ्या. २४ व्होल्टचा 'पॅसिव्ह' इंजेक्टर कशालाही जोडू नका, तो न विचारता वीज सोडतो.

खरं सांगायचं तर केबल एकदा सगळीकडे पोचली की 'मेश' या शब्दात फारसं काही उरत नाही. तुम्ही ॲक्सेस पॉइंटचंच नेटवर्क चालवताय, फक्त सोप्या ॲपसह.

एक तक्रार मी आठवड्याला ऐकतो: 'ॲप उघडत नाही, ज्याने बसवलं त्याचा नंबर लागत नाही.' मेशचं खातं बसवणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर काढलेलं असतं. मग सगळे नोड रीसेट करून पहिल्यापासून. खातं तुमच्या ईमेलवर, पासवर्ड तुमच्या वहीत. बिल द्यायच्या आधी हे बघा.

लाइट गेली की सगळं बंद पडतं.

ओएनटी, मुख्य नोड, स्विच आणि उपनोड, चारही चालू राहिले तरच नेट राहतं. लोक एकट्या राऊटरला छोटा यूपीएस लावतात आणि स्विच विसरतात. १२ व्होल्टचे मिनी यूपीएस मिळतात, पण डब्याच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट, किती ॲम्पिअर लिहिलंय ते जुळवून घ्या. पीओई असेल तर इथं त्याचा खरा उपयोग. एका कपाटात ओएनटी, राऊटर आणि स्विच, एकच यूपीएस, आणि वरच्या मजल्यांवरचे सगळे ॲक्सेस पॉइंट त्याच्यावरच जिवंत.

शिरोलीला शेड आहे, ऑफिस वेगळ्या इमारतीत. मध्ये केबल टाकू का?

तांब्याची नको. एक तर शंभर मीटरची मर्यादा. दुसरं, दोन इमारतींचं अर्थिंग सारखं नसतं, आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की उघड्यावरची तांब्याची केबल दोन्ही टोकांचे पोर्ट घेऊन जाते. फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि साधी केबल जोडणारा डबा. फायबर काचेचा, त्यातून वीज जात नाही. फाउंड्रीत नोड लावणार असाल तर धूळ न शिरणारा, म्हणजे बाहेरच्या वापराचा घ्या. घरगुती डब्याच्या जाळीतून काळी पूड आत जाते आणि आठ-दहा महिन्यांत तो बसतो.

जीएसटी परत मिळतो का?

राऊटरवर १८ टक्के लागतो. नियमित नोंदणी असेल आणि धंद्यासाठी घेतलाय तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर घाला, इनपुट क्रेडिट मिळतं. कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही. दवाखान्याची सेवा करमुक्त असल्याने डॉक्टरांनाही नाही. बाकी तुमच्या सीएला विचारा.

काम झालं. पैसे देण्याआधी काय तपासू?

प्रत्येक नोडच्या दुसऱ्या पोर्टला लॅपटॉप केबलने लावा. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड १०००/१००० दिसला पाहिजे. मात्र तो आकडा फक्त लॅपटॉप ते नोड एवढ्याच तुकड्याचा, म्हणून तिथंच स्पीड टेस्टही घ्या. ३०० चा प्लॅन असताना ९४ वर थांबला तर भिंतीतली केबल परत ठोकायला लावा. मग फोनवरून व्हिडिओ कॉल लावून पूर्ण दुकानभर, जिन्यावरून, गोडाऊनपर्यंत चाला. नोड बदलताना कॉल क्षणभर अडखळला तर चालेल, तुटता कामा नये. शेवटी एका नोडची बॅकहॉलची केबल काढा, ॲपमध्ये तो वायरलेस दिसतो का बघा, परत लावा, वायर्ड झाला का बघा.

जुना राऊटर टाकून द्यायचा?

गिगाबिट पोर्ट असेल तर नको. त्याचं वायफाय आणि डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा, लॅन पोर्टला केबल लावा, झाला चार पोर्टचा स्विच. १०० चा असेल तर भंगारात द्या. पण त्याआधी रीसेट मारा, तुमचा पासवर्ड आत आहे.